सिंगल बोर्ड कॉम्प्युटरवर लिनक्स डेस्कटॉप आणि घरगुती सर्व्हर : खान्देशातील नवोदितांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिल्यांदा विक्रीला आला, तेव्हा शाळकरी मुलांना स्वस्तात प्रोग्रॅमिंग शिकता यावे एवढाच त्यामागचा हेतू होता. आज त्याच घराण्यातील रास्पबेरी पाय ५ हा बोर्ड रोजच्या लेखन-वाचनाच्या कामासाठी डेस्कटॉप म्हणून वापरता येतो आणि त्याच वेळी फायली सांभाळणे, प्रिंटर सगळ्यांना उपलब्ध करून देणे, इंटरनेट नसतानाही विकिपीडिया दाखवणे अशी सर्व्हरची कामेही करतो. त्यावर चालणारी लिनक्स प्रणाली मोफत आहे आणि ती कशी बसवायची हे सांगणाऱ्या सूचनाही मुबलक मिळतात. मात्र त्या बहुतेक थंड हवेच्या आणि अखंड विजेच्या प्रदेशात बसून लिहिलेल्या असतात. भुसावळच्या मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, कधीही वीज जाणाऱ्या फीडरवर हा बोर्ड टिकवायचा असेल, तर सॉफ्टवेअरच्या आधी वीज, उष्णता आणि मेमरी कार्ड यांचा बंदोबस्त करावा लागतो. यावल तालुक्यातील एका अभ्यासिकेत आणि नंतर स्वतःच्या घरी ही व्यवस्था उभी केल्यावर ज्या क्रमाने गेले असता काम अडत नाही असे दिसले, तोच क्रम पुढे दिला आहे.

एक खुलासा आधीच करतो. लेखात आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत लिहाव्यात आणि 'अंडरस्कोर', 'डॅश', 'डॉट', 'अॅट' या शब्दांच्या जागी ती चिन्हेच टाकावीत.

१. आधी काम ठरवा, मग बोर्ड निवडा

बोर्ड घेऊन ठेवायचा आणि मग त्याचे काय करायचे याचा विचार करायचा, असे केले की तो कपाटात जाऊन पडतो. म्हणून काम कागदावर लिहा. पडद्यावर ब्राउझर, लिब्रेऑफिस आणि पीडीएफ उघडायचे असतील, तर किमान ४ जीबी रॅमचा रास्पबेरी पाय ४ किंवा ५ घ्यावा. पडदा न जोडता फक्त सर्व्हर म्हणून चालवायचा असेल, तर २ जीबी पुरते. झीरो २ डब्ल्यू हा छोटा बोर्ड स्वस्त असला तरी त्यात ५१२ एमबीच रॅम आहे. तो एखाद्या सेन्सरसाठी किंवा जाहिराती अडवण्याच्या कामासाठी ठीक आहे, डेस्कटॉपसाठी नाही.

ऑरेंज पाय, बनाना पाय असे इतरही बोर्ड मिळतात आणि कागदावर त्यांचा प्रोसेसर अनेकदा अधिक दणकट दिसतो. त्यांच्यासाठी आर्मबियन ही डेबियन-उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर आधारलेली प्रणाली वापरली जाते. अशा बोर्डाचे पैसे देण्यापूर्वी आर्मबियनच्या यादीत त्या नेमक्या मॉडेलला आधार आहे का, हे पाहून घ्यावे. हार्डवेअर चांगले आणि सॉफ्टवेअर दोन वर्षांत वाऱ्यावर, अशी गत या बाजारात नवीन नाही. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्याने रास्पबेरी पायच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण अडचण आली की तीच अडचण आधी कोणाला तरी आलेली असते आणि तिचे उत्तर सापडते.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. या बोर्डांचा प्रोसेसर एआरएम जातीचा असतो, त्यामुळे विंडोजसाठी बनवलेली टॅलीसारखी सॉफ्टवेअर त्यावर थेट चालत नाहीत. दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल, तर जुना कॉम्प्युटर भंगारात काढू नका.

२. सामानाची यादी

बोर्डासोबत पुढील वस्तू एकदमच मागवाव्यात, म्हणजे एका केबलसाठी जळगाव किंवा धुळ्याची चक्कर पडत नाही.

- बोर्डासाठीच बनवलेला पॉवर अॅडॉप्टर : पाय ५ साठी ५ व्होल्टवर ५ अँपिअर देणारा, '२७ वॅट' म्हणून मिळणारा, पाय ४ साठी ५ व्होल्ट ३ अँपिअरचा
- ३२ जीबी किंवा अधिक क्षमतेचे, ए१ अथवा ए२ दर्जाचे मायक्रो एसडी कार्ड, तसेच एक जादा कार्ड
- यूएसबी कार्ड रीडर
- मायक्रो एचडीएमआय ते एचडीएमआय केबल
- पंखा असलेला कूलर आणि हवा खेळेल अशी पेटी
- कीबोर्ड, माउस आणि लॅन केबल
- पाय ५ असल्यास घड्याळाची छोटी बॅटरी
- सर्व्हर चालवायचा असल्यास एसएसडी (फिरत्या तबकडीविना चालणारी डिस्क)

दुकानदार मायक्रोऐवजी मिनी एचडीएमआय केबल सहज हातात ठेवतो. दिसायला दोन्ही सारख्याच असतात, पण मिनीचे तोंड पाय ४ किंवा ५ मध्ये जात नाही. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूंची बिले जपून ठेवावीत आणि राउटरचा अॅडमिन पासवर्ड इंटरनेट जोडणाऱ्याकडून आधीच मागून घ्यावा. पुढे दोनदा त्याची गरज पडेल.

३. विजेची व्यवस्था

बोर्ड अधूनमधून आपोआप बंद पडणे, यूएसबी डिस्क मध्येच गायब होणे, वाय-फाय तुटणे या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा अॅडॉप्टरमध्ये असते. घरात ६५ वॅटचा मोबाइल चार्जर आहे, मग २७ वॅटचा वेगळा कशाला, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. जलद चार्जर आपली जास्तीची शक्ती ९, १२ किंवा २० व्होल्टवर देतात. ५ व्होल्टवर ते सहसा ३ अँपिअरच्या पुढे जात नाहीत. बोर्डाला ५ व्होल्टच लागतात. पाय ५ ला ५ अँपिअरचा अॅडॉप्टर मिळाला नाही, तर तो सुरू होतो खरा, पण चारही यूएसबी पोर्ट मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह देतो आणि त्यावर एसएसडी जोडली की ती अडखळते.

व्होल्टेज पुरेसे मिळते की नाही हे तपासता येते. टर्मिनलमध्ये 'व्हीसीजेनसीएमडी गेट अंडरस्कोर थ्रॉटल्ड' ही आज्ञा द्या. उत्तरात 'शून्य एक्स शून्य' आले, तर बोर्ड सुरू झाल्यापासून व्होल्टेज पडलेले नाही आणि उष्णतेमुळे वेगही कमी झालेला नाही. दुसरा कोणताही आकडा आला, तर आधी अॅडॉप्टर आणि कूलर पाहा, मग सॉफ्टवेअरला दोष द्या.

वीज अचानक गेल्यास कार्डावर लिहिणे अर्धवट राहते आणि फाइलव्यवस्था बिघडू शकते. म्हणून बोर्ड आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावेत. आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरवर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असा स्विच असतो. पंखे-दिव्यांसाठी नॉर्मल चालते, पण बोर्डासाठी तो यूपीएसवर ठेवावा, कारण त्या स्थितीत मेन लाइनवरून बॅटरीवर जाण्याचा अवधी बराच कमी असतो. राउटरसाठी मिळणारे १२ व्होल्टचे छोटे यूपीएस बोर्डाच्या कामाचे नाहीत. बॅटरीवर ताण येईल ही भीती नको. सरासरी ५ वॅट धरले, तर बोर्ड दिवसाला ०.१२ युनिट आणि महिन्याला साडेतीन युनिटांच्या आसपास वीज खातो.

बोर्ड बंद करताना थेट बटण दाबून प्लग काढू नये. मेनूतून 'शटडाउन' निवडावे किंवा 'सुडो पॉवरऑफ' ही आज्ञा द्यावी ('सुडो' म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने), आणि हिरवा दिवा लुकलुकायचा थांबल्यावरच वीज बंद करावी. अभ्यासिकेत हे नीट होण्यासाठी बोर्डाच्या प्लगवर चिकटपट्टी लावून 'हा प्लग काढू नये' असे लिहिलेले उत्तम. झाडलोट करणाऱ्या मावशींना मोबाइल चार्ज करायला तोच प्लग सोयीचा वाटतो.

जुन्या घरांत अर्थिंग नसल्यास धातूच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. तसे जाणवले तर वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्यावे किंवा निदान प्लॅस्टिकची पेटी वापरावी.

४. उष्णता आणि धूळ

चिपचे तापमान ८० अंशांच्या पुढे जाऊ लागले की रास्पबेरी पाय स्वतःचा वेग कमी करतो आणि ८५ अंशांवर तो आणखी आवर घालतो. चिपचे तापमान हे खोलीच्या तापमानावर चढते, हे ध्यानात घेतले की अडचण उमगते : पुस्तकातील चाचणी २५ अंशांच्या खोलीत केलेली असते आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४४-४५ अंश असताना पत्र्याखालची खोलीही तापलेली असते. पाय ५ चा अधिकृत कूलर ५० अंशांवर हळू फिरू लागतो आणि ७५ अंशांवर पूर्ण वेग घेतो. उन्हाळ्यात तो दुपारभर फिरताना ऐकू आला तर घाबरू नये. नुसती अॅल्युमिनिअमची पट्टी चिकटवून पाय ५ वर डेस्कटॉप चालवण्याचा हट्ट मात्र खान्देशात धरू नये.

जागा निवडताना पश्चिमेची भिंत आणि छताजवळचे फडताळ टाळावे. धाब्याच्या घरात खोली तुलनेने थंड राहते, पण वरून मातीचे कण गळतात, तेव्हा बोर्ड उघडा ठेवू नये. डेझर्ट कूलरच्या थेट झोतात तर तो मुळीच ठेवू नये; ती हवा थंड असली तरी दमट असते आणि तिच्यासोबत पाण्याचे तुषारही येतात. धूळ महिन्यातून एकदा कोरड्या मऊ ब्रशने झाडावी. जिनिंगच्या परिसरात किंवा कापूस साठवलेल्या घरात तंतू पंख्याच्या पात्यांना गुंडाळून बसतात, तिथे पंधरा दिवसांनी पाहणे बरे.

तापमान पाहण्यासाठी 'व्हीसीजेनसीएमडी मेझर अंडरस्कोर टेम्प' ही आज्ञा आहे; यातला 'मेझर' म्हणजे मोजणे या अर्थाचा इंग्रजी शब्द. दुपारी तीनच्या सुमारास, सगळी कामे चालू असताना ती देऊन पाहावी.

५. कार्ड तयार करा

बनावट कार्डांचा सुळसुळाट आहे. वर ६४ जीबी छापलेले असते आणि आत ८ जीबीच असतात. पहिले ८ जीबी भरेपर्यंत काहीच कळत नाही, नंतर लिहिलेले मात्र नाहीसे होते. नवे कार्ड आले की लिनक्सवरील एफथ्री या साधनाने ते पूर्ण भरून आणि परत वाचून तपासावे. वेळ लागतो, पण परत करण्याची मुदत संपण्याआधी खरेखोटे कळते.

त्यानंतर कोणत्याही कॉम्प्युटरवर रास्पबेरी पाय इमेजर उतरवून घ्या. त्यात आपला बोर्ड, ६४ बिटची रास्पबेरी पाय ओएस आणि कार्ड निवडले की तो आणखी काही माहिती विचारतो. इथे घाई करू नये, कारण पुढची निम्मी डोकेदुखी याच पानावर वाचते :

- होस्टनेम : 'तापी' असे छोटे नाव द्यावे, म्हणजे पुढे नेटवर्कवर 'तापी डॉट लोकल' म्हणून बोर्ड सापडतो.
- वापरकर्ता आणि पासवर्ड : पूर्वीचा 'पाय' आणि 'रास्पबेरी' हा ठरलेला जोड २०२२ मध्ये काढून टाकला आहे, त्यामुळे जुन्या व्हिडिओत दाखवलेला पासवर्ड चालणार नाही.
- वाय-फायचा देश : भारत निवडावा, देश न निवडल्यास वाय-फाय बंदच राहू शकते.
- वेळक्षेत्र कोलकाता आणि कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा निवडावा.
- एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बोर्डाचे टर्मिनल वापरण्याची सोय) : सर्व्हरसाठी हे इथेच सुरू करून ठेवावे.

कीबोर्डचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण नवखे लोक हमखास इथे अडकतात. ब्रिटिश मांडणी राहिली तर शिफ्टसह २ दाबल्यावर 'अॅट'च्या जागी अवतरणचिन्ह उमटते, पासवर्ड टाकताना अक्षरे दिसत नाहीत, आणि बरोबर असलेला पासवर्ड वारंवार चुकीचा ठरतो.

६. पहिली सुरुवात आणि अद्ययावत करणे

कार्ड, पडदा, कीबोर्ड आधी जोडा आणि वीज सर्वांत शेवटी. डेस्कटॉप दिसल्यावर टर्मिनल उघडून 'सुडो एपीटी अपडेट' आणि त्यानंतर 'सुडो एपीटी फुल-अपग्रेड' या आज्ञा द्याव्यात. हे काम वीज स्थिर असताना करावे. मध्येच लाइट गेली तर पॅकेजे अर्धवट राहतात आणि 'सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए' देऊन ती पूर्ण करावी लागतात.

जुन्या सूचना वाचताना त्या केव्हाच्या आहेत हे पाहा. २०२३ मध्ये रास्पबेरी पाय ओएसची डेबियन १२ वर आधारलेली बुकवर्म आवृत्ती आली आणि २०२५ मध्ये डेबियन १३ वर आधारलेली ट्रिक्सी आली. बुकवर्मपासून वाय-फाय नेटवर्कमॅनेजर हा प्रोग्रॅम सांभाळतो, त्यामुळे कार्डाच्या बूट विभागात वाय-फायचा पासवर्ड लिहिलेली डब्ल्यूपीए सप्लिकंटची फाइल टाकण्याची प्रसिद्ध युक्ती आता लागू पडत नाही. कॉन्फिग फाइलही बूटमधील फर्मवेअर फोल्डरात गेली आहे. तसेच पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचे पॅकेज पिप या साधनाने थेट बसवू पाहिल्यास प्रणाली नकार देते. त्यासाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे अशा पॅकेजांसाठी वेगळी जागा, तयार करावे. तो नकार जबरदस्तीने मोडणारा पर्याय अनेक जण सुचवतात, तो वापरू नये.

घड्याळाकडेही पाहावे. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही आणि पाय ५ मध्ये ते असले तरी बॅटरी वेगळी लावावी लागते. वीज येते तेव्हा बोर्ड राउटरच्या आधी तयार होतो आणि इंटरनेट मिळेपर्यंत जुनीच वेळ दाखवत राहतो. हजेरी किंवा विक्रीची नोंद ठेवणार असाल, तर बॅटरी लावल्यावाचून ती वेळ ग्राह्य धरू नका.

७. मराठीत काम

युनिकोड मजकूर दिसण्यासाठी 'फॉन्ट्स-देवा' हे पॅकेज बसवले की जोडाक्षरे नीट दिसू लागतात. टाइप करण्यासाठी कीबोर्डच्या मांडण्यांत मराठी इनस्क्रिप्ट जोडता येते. लिब्रेऑफिसमध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्टसाठी मराठी निवडावी, नाहीतर फॉन्ट बदलला तरी देवनागरी अक्षरांवर त्याचा परिणाम होत नाही. डीटीपीच्या दुकानातील जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील फायली मात्र अगम्य चिन्हे दाखवतील. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात.

८. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून ताबा आणि साठवण

राउटरच्या पानावर जाऊन बोर्डासाठी एक आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा आकडी पत्ता) राखून ठेवा. मग त्याच नेटवर्कवरील कोणत्याही कॉम्प्युटरवरून 'एसएसएच', वापरकर्त्याचे नाव, 'अॅट' आणि तो पत्ता लिहिला की बोर्डाचे टर्मिनल समोर येते. पुढे पासवर्डऐवजी एसएसएच की, म्हणजे किल्लीसारखी चालणारी फाइल, वापरावी.

सर्व्हरचा डेटा कार्डावर ठेवू नये. सतत लिहून कार्ड झिजते. एसएसडी एक्स्टफोर या लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट करून एफएसटॅब फाइलमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कांची यादी) तिच्या यूयूआयडीने, म्हणजे तिच्या खास ओळखक्रमांकाने, नोंदवावी आणि त्या ओळीत 'नोफेल' हा पर्याय न विसरता घालावा. तो नसेल आणि एखाद्या दिवशी डिस्कची केबल सैल झाली, तर बोर्ड सुरू होताना मध्येच थांबतो. पडदा जोडलेला नसल्याने बाहेरून फक्त तो 'मेला' एवढेच दिसते.

९. सर्व्हरची कामे, एका वेळी एक

नेटवर्कवरील इतर कॉम्प्युटरांना फायली वाटण्यासाठी सांबा हा प्रोग्रॅम पुरेसा आहे. तो बसवून फोल्डर नोंदवावे आणि 'सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी डॅश ए' आणि पुढे वापरकर्त्याचे नाव या आज्ञेने वापरकर्त्याचा वेगळा पासवर्ड ठेवावा. बोर्डाचा पासवर्ड सांबाला आपोआप लागू होत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

प्रिंटर सगळ्यांना वापरता यावा यासाठी कप्स हा प्रोग्रॅम वापरतात. आपल्या दुकानांत सर्रास दिसणाऱ्या काही लेझर प्रिंटरांचे लिनक्स ड्रायव्हर फक्त इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठी असतात, त्यामुळे 'लिनक्सला चालतो' एवढ्या वाक्यावर न जाता एआरएमवर चालतो का, हे पाहावे.

अभ्यासिकेला सर्वाधिक उपयोगी पडते ते इंटरनेटविना विकिपीडिया दाखवणारे किविक्स. मराठी विकिपीडियाची झिम फाइल (सगळा मजकूर एकत्र असलेली फाइल) एकदा उतरवली, किविक्स-सर्व्ह चालू केले, की इंटरनेट बंद असतानाही सगळ्या मुलांच्या मोबाइलवर वाय-फायवरून ती वाचता येते. चित्रांसह संपूर्ण इंग्रजी विकिपीडिया १०० जीबीच्या वर जाते, म्हणून तिच्यासाठी एसएसडीच हवी. स्पर्धा परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका सांबाच्या फोल्डरात आणि संदर्भ किविक्सवर, एवढी जोडी जमली की मोबाइल डेटा संपल्याची सबब राहत नाही.

जाहिराती अडवणारे पाय-होल लोकप्रिय आहे, पण त्यावर सगळ्या घराचे डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याचे काम, सोपवले की बोर्ड बंद पडताच घरातील इंटरनेटही बंद पडल्यासारखे वाटते. घरात तुम्ही एकटेच जाणते असाल आणि महिन्यातून आठ दिवस बाहेरगावी असाल, तर ते टाळलेले बरे.

डॉकर (तयार बांधलेले प्रोग्रॅम चालवण्याचे साधन) वापरणाऱ्यांनी प्रत्येक इमेज, म्हणजे असा बांधलेला प्रोग्रॅम, एआरएम ६४ साठी आहे याची खात्री करावी. 'एक्झेक फॉरमॅट एरर' दिसली की कारण बहुधा हेच असते.

१०. बाहेरून प्रवेश

पुण्याला शिकणाऱ्या मुलाला घरच्या बोर्डावर पोचायचे असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंगच्या, म्हणजे बाहेरची जोडणी राउटरमधून बोर्डाकडे वळवण्याच्या, मागे लागण्याआधी राउटरच्या पानावरील वॅन पत्ता (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) पाहा. तो १०० डॉट ६४ ते १०० डॉट १२७ यांदरम्यान किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुम्हाला सार्वजनिक पत्ता मिळालेलाच नाही आणि पोर्ट कितीही उघडले तरी बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. मोबाइल आणि बऱ्याच फायबर जोडण्यांत असेच असते. अशा वेळी आपल्याच उपकरणांना खासगी नेटवर्कमध्ये जोडणारी टेलस्केलसारखी सेवा काम करते, आणि एसएसएच किंवा सांबा उघड्या इंटरनेटवर न ठेवता ती वापरणे सुरक्षितही आहे.

यूएफडब्ल्यू हा फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारा प्रोग्रॅम) लावणार असाल, तर 'सुडो यूएफडब्ल्यू अलाउ एसएसएच' ही आज्ञा आधी आणि 'इनेबल' नंतर द्यावी. क्रम उलटा झाला, तर स्वतःच बाहेर अडकाल आणि पडदा-कीबोर्ड शोधत फिरावे लागेल.

११. प्रत आणि तिची परीक्षा

एसएसडीवरील डेटा रोज रात्री आरसिंक या प्रत घेणाऱ्या साधनाने दुसऱ्या डिस्कवर उतरवण्याची नोंद क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या यादीत, करावी. वेळ निवडताना आपल्या फीडरचे भारनियमन केव्हा असते ते पाहावे. कार्डाची पूर्ण प्रत डेस्कटॉपवरील एसडी कार्ड कॉपिअर या साधनाने जादा कार्डावर घ्यावी. प्रत घेतल्यावर बोर्ड बंद करून ते जादा कार्ड लावावे आणि त्यावर सगळे सुरू होते का, सांबाचे फोल्डर उघडते का, प्रिंट निघते का, हे एकदा पाहावे. मग त्यावर तारीख लिहून ते राउटरजवळच्या डबीत ठेवावे, आणि ती डबी कोठे आहे हे घरातील किंवा अभ्यासिकेतील आणखी एका माणसाला सांगून ठेवावे.